सांडलेले तांदूळ

सुरो महिना लागला की आमच्या गल्लीभर
आंबलेल्या नारळपाण्याचा वास.
सोलो शहरात ज्यांच्या घरी क्रिस आहे
ते तो तान्ह्या बाळासारखा कापडात गुंडाळून आणतात
आणि माझ्या बापाच्या, तुकिरानच्या, पुढ्यात ठेवतात.
नमस्कार पात्याला. बापाला नुसती मान.

पाती डोणीत बुडतात. तीन रात्री, कधी पाच.
पाणी चहाच्या रंगाचं होतं.
मग रिठ्याचा फेस, मग लिंबू,
आणि अंगठा. अंगठ्याला पर्याय नाही.
काळं जातं, तांबडं जातं,
पातं पांढरंफटक पडतं
ताप उतरलेल्या माणसासारखं,
ओळख न देणारं.

मग सोमल.
लिंबाच्या रसात वर्षभर मुरलेला, काचेच्या बरणीत,
जिच्यावर मी लहानपणी कवटी काढली होती
आणि आईनं त्या कवटीला ओठ रंगवले होते.
पोथीवर हरताळ फासला की अक्षर जातं.
इथं त्याचाच भाऊबंद फासला
की अक्षर वर येतं:
लोखंड काळवंडत जातं,
निकेल मात्र ऐकत नाही,
आणि तेरा वळणांवरून खाली
पांढरे दाणे दिसू लागतात.
"वोस वुताह," बाप म्हणतो. सांडलेले तांदूळ.
कुणा लोहाराच्या हातून कधीकाळी सांडले,
अजून कुणी भरून घेतले नाहीत.

सुराबायाहून हेंद्रार्तो येतो, गाडी चालू ठेवूनच.
त्याच्याकडे मागच्या महिन्यात घडलेली पाती असतात.
बॅटरीच्या तेजाबात एक रात्र ठेवली
की तीन शतकं चढतात, असा त्याचा हिशेब.
बाप खड्डे नखानं चाचपतो.
"म्हातारपण असं सगळीकडून एकदम येत नाही," म्हणतो,
आणि पातं परत करतो, मुठीकडून.

पार्तिनाहबाईंचं पातं मात्र दरवर्षी.
वहीत नोंद आहे, सोनाराच्या काट्यावरची:
मी दुसरीत होते तेव्हा दोनशे अकरा ग्रॅम.
माझं लग्न ठरलं तेव्हा दोनशे चार.
मोडलं त्या वर्षी एकशे नव्याण्णव.

गंजण्यापेक्षा झिजणं बरं, लोक म्हणतात.
पात्याला दोन्ही भोगावं लागतं.
गंज खातो ते खातोच,
आणि गंज काढणारा हात त्यातलं उरलेलं.
ते बारा ग्रॅम गेले कुठं?
मोरीतून परसात, पपईच्या मुळाशी.
झाडाला पपया लागतात भरघोस.
आम्ही खात नाही.
पाखरं खातात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात.

यंदा बापानं पातं उजेडाला धरलं.
टोकाशी उजेड आरपार,
सुईच्या नाकाएवढा.
"आता आणू नका," तो म्हणाला.
"चंदनाचं तेल लावा नि म्यानात राहू द्या."
बाई तडकल्या. सासऱ्यांना काय सांगू?
सासरे जाऊन चाळीस वर्षं झाली,
पण गुरुवारी रात्री येतात, विचारपूस करतात.
"सांगा, तुकिरानचा अंगठा झिजला."
आणि त्यानं अंगठा पुढे केला.
खरंच, त्यावर एक रेघ नव्हती.
ओळखपत्राच्या कचेरीत यंत्रानं
तो तीनदा नाकारला होता.
बाई बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या,
मग छत्री उचलून निघाल्या.
पातं विसरल्या, की ठेवून गेल्या, कोण जाणे.

रात्री तेल लावताना मी दिवा जवळ ओढला.
तेरा वळणांची सावली भिंतीवर,
आणि तिच्या टोकाशी
तांदळाच्या एका दाण्याएवढा उजेड.
हात हलला की तोही हलायचा.

"बरणीचं झाकण लाव," बाप आतून म्हणाला.